प फ ब भ म म्हणता येईना

सोमवारी सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूनं सरळ गाऊनवर सांडलं. वाटलं अजून झोपेतच आहे मी. परत पाणी घेतलं, परत तेच. ओठ घट्ट मिटलेत असं मला आतून वाटत होतं पण डावा कोपरा उघडाच होता. मग तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला, डोळा मिटावा म्हणलं तर मिटेना, तसाच उघडा, साबण आत आणि आग आग. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडं ओढलेलं, डावा गाल खाली उतरलेला, कपाळाच्या डाव्या अर्ध्या भागावरच्या आठ्या इस्त्री केल्यासारख्या गायब.

संक्रांत दोन दिवसांवर होती. शनिवारपासून डाव्या कानामागं ठणका लागला होता, तो मी थंडीवर ढकलला होता. त्याच्या आधल्या आठवड्यात तापाची कणकण येऊन ओठावर ताप उतला होता, त्याचीही खपली अजून होती. हे सगळं तेव्हा कुणी जोडून बघणार, मी तर नाहीच बघितलं.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वय ४२. मुलांना अक्षरं शिकवायची म्हणजे तोंडच माझं खडू आणि फळा. ह्यांना हाक मारली आणि माझाच आवाज ऐकून मला रडू फुटलं, कारण त्यांच्या नावात ‘प’ आहे आणि तो ‘फ’ही नाही आणि ‘प’ही नाही असा नुसता हवा सुटल्यासारखा आला.

ह्यांनी मला बघितलं आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो ‘लकवा’. माझे दोन्ही हात वर करायला लावले, ते झाले. चालून दाखवलं, चालता आलं. बोलणं पुसट होतं पण शब्द सगळे बरोबर येत होते. सासूबाई देवापुढं बसल्या होत्या त्या उठून आल्या, माझ्या हनुवटीला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, वारं गेलं गं बाई तोंडावरनं, काल एसटीत खिडकीशी बसली होतीस ना.

पुढचे दोन दिवस मला आजही परत मिळावेत असं वाटतं. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथं अशक्तपणा आहे म्हणून एक सलाइन आणि एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. कुणी भुवया वर करायला सांगितल्या नाहीत की शुगर तपासली नाही. मंगळवारी ह्यांच्या चुलत्यांनी जीप काढली, पलीकडच्या तालुक्यात एकजण लकव्याचं औषध देतात म्हणून. तिथं रांग होती, मोठी रांग, आणि सगळ्यांची तोंडं रुमालानं नाहीतर पदरानं झाकलेली. माझ्या नाकात तेल सोडलं, गालाला कसलातरी काळा लेप लावला, सात दिवस वारं लागू द्यायचं नाही, आंबट खायचं नाही, आरसा बघायचा नाही. सगळे म्हणत होते इथनं गेलेला माणूस बरा होतोच. कुणी खोटं बोलत होतं असं नाही, ते खरंच बरे झाले होते. पण ते का बरे झाले ते मला नंतर कळलं, सांगते पुढं.

त्या रात्री झोप आली नाही कारण डावा डोळा मिटतच नव्हता. मी मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर जायचं आणि पापणीच्या फटीतनं नुसतं पांढरं दिसायचं, माझी मुलगी ते बघून घाबरली आणि आजीकडं झोपायला गेली. पापणी मिटत नसली तरी डोळा स्वतःला वाचवायला बुबुळ वर लपवतो, ते बहुतेकांचं होत असतं, फक्त एरवी पापणीआड असल्यामुळं दिसत नाही. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पोरगी घाबरली नसती.

बुधवारी, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, आमच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. त्यांच्या भावाला कॉलेजात असताना हेच झालं होतं. ते म्हणाले, मॅडम किती तास झाले? तास. दिवस नाही विचारले. मी म्हणलं सोमवारी सकाळी सहाला. म्हणाले, आत्ता साताऱ्याला निघा, मेंदूच्या डॉक्टरकडं, तीन दिवस उलटायच्या आत औषध सुरू झालं पाहिजे. गल्लीतल्या बायका नटून, सुगडं घेऊन ववसायला निघाल्या होत्या आणि मी तोंडाला कोविडमधला मास्क लावून मोटारसायकलवर मागं बसले. दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजले होते, म्हणजे ५४ तास. काउंटरवरच्या मुलीनं तीळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाली. मला उलट म्हणायचं होतं, पण ‘बोला’मधला ‘ब’ येणार नाही हे माहीत असल्यामुळं मी नुसती मान हलवली. तीळगूळ तोंडात टाकला तर उजवीकडं गोड आणि डावीकडं नाणं चघळल्यासारखं.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत ओळखलं. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, शिट्टी वाजवा. एकही डावीकडं झालं नाही. मग कानात टॉर्च टाकून फोड आहेत का बघितलं, कानाखालची ग्रंथी दाबून गाठ आहे का बघितलं, आणि विचारलं की हे हळूहळू आठवड्याभरात वाढत गेलं का एकदम? एकदम. म्हणाले, बाई हा मेंदूतला लकवा नाही, चेहऱ्याच्या नसेचा आहे, बेल्स पाल्सी म्हणतात याला.

फरक कपाळावर कळतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडनं हुकूम येतो, त्यामुळं मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं पण बहुतेक वेळा भुवई उचलता येते, आठ्या पडतात. नस स्वतःच सुजली असेल तर त्या बाजूचं कपाळ, डोळा, गाल, ओठ, सगळंच एकदम बंद. हे वाचून कुणी घरच्या घरी निदान करत बसू नका हं, मी हात जोडून सांगते. हात-पाय जड पडला, शब्द जुळेनात, एकाचे दोन दिसायला लागले, तर ते वेगळं प्रकरण असतं आणि तिथं गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते, थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आणि नुसतं तोंड वाकडं असलं तरी ते कशामुळं हे डॉक्टरनंच ठरवायचं.

ही नस म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली सातवी. डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या मागं चित्र काढून दाखवली. ती कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोळातून येते, तीन सेंटीमीटरचा बोळ, सगळ्यात चिंचोळ्या जागी एक मिलिमीटरसुद्धा रुंदी नाही. नस सुजली की तिला फुगायला जागाच नसते, हाडाच्या भिंतीत ती स्वतःच चेंगरते. आणि ह्याच नसेबरोबर जिभेच्या पुढच्या भागाची चव येते, म्हणून तीळगुळाचं ते नाणं झालं. कानातल्या एका इवल्याशा स्नायूलाही हीच नस चालवते, तो मोठा आवाज दबका करतो, म्हणून मला दोन दिवस घरातली भांडी डाव्या कानात फुटल्यासारखी वाजत होती. मला तर वाटलेलं की डोकंच फिरलंय माझं. सर चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं १८२१ साली ह्या नसेचं काम मांडलं, त्यांचं नाव पडलं. आपल्याकडं आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात, म्हणजे आजार काही आजकालचा नाही.

औषध होतं स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन, दहा दिवस. सोबत पित्ताची गोळी, दिवसा डोळ्यात टाकायला थेंब, रात्री लावायला मलम आणि कागदी चिकटपट्टी. आणि रक्ताची तपासणी. स्टिरॉइड देण्याआधी शुगर बघायचीच म्हणाले. तिथं माझी खरी गोष्ट उघडी पडली. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा ७.९ आला. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह. मला मधुमेह होता आणि मला माहीतच नव्हतं, वडिलांना होता म्हणून आपण कधीतरी तपासू एवढंच डोक्यात. डॉक्टर म्हणाले मधुमेह असणाऱ्यांना हे होण्याचा धोका जास्त असतो, तोंड वाकडं झालं म्हणून शुगर सापडली असे पेशंट येतात. मग स्टिरॉइडनं शुगर अजून वर जाणार म्हणून शुगरची गोळी, घरी मशीन घेऊन रोज बोट टोचणं, ते सगळं सुरू झालं.

स्टिरॉइड म्हणल्यावर घरात गहजब. हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, सवय लागते. एका नातेवाइकांनी तर गोळ्यांची पट्टीच लपवली. मला डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं होतं, २००७ साली छापून आलेला, ५५१ पेशंटचा. ७२ तासांच्या आत ज्यांना ही गोळी सुरू झाली त्यातले ८३ टक्के तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, ज्यांना नाही मिळाली त्यातले ६४ टक्के. नऊ महिन्यांनी ९४ आणि ८२. त्यात काहींना व्हायरसवरची गोळीही दिली होती, तिनं काही जास्तीचा फायदा दिसला नाही. मी हे आकडे एका वहीच्या पानावर लिहून फ्रिजवर चिकटवले आणि गोळ्या घेतल्या. दहा दिवसांचा कोर्स आणि वर्षानुवर्षं खाल्लेलं स्टिरॉइड ह्यात फरक असतो, पण तेही डॉक्टरच्या हिशेबानं, मनानं मेडिकलमधून आणून नाही.

आता ते गावठी औषधाचं. डेन्मार्कमध्ये एका डॉक्टरांनी बेल्स पाल्सीच्या १७०१ पेशंटना काहीही औषध न देता नुसतं बघितलं, पंचवीस वर्षं. त्यातले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे १०० जणांना तुम्ही काळा लेप लावा, कबुतराचं रक्त लावा, नाहीतर काहीच करू नका, ७० बरे होणारच आणि ते ७० जण आयुष्यभर त्या लेपाचं नाव घेणार. राहिलेले ३० परत त्या रांगेत येत नाहीत, ते घरात बसतात. मला राग त्या माणसाचा येत नाही, तो पैसेसुद्धा पाचपन्नासच घेत होता. मला वाईट वाटतं त्या तीस जणांचं, ज्यांचे पहिले तीन दिवस रांगेत गेले.

घरात बसण्याचं मी का म्हणतेय, कारण मीही तेच केलं. एक महिना रजा टाकली. दार लोटून बसायचे. भाकरीचा घास डाव्या गालात जाऊन बसायचा, गालाच्या स्नायूत तो परत दाताखाली ढकलायची ताकदच नाही, बोट घालून काढायला लागायचा, म्हणून सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी एकटी स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून जेवायचे. २६ जानेवारीचं सूत्रसंचालन बारा वर्षं मी करतेय, यंदा घरातनं स्पीकरवर दुसऱ्या बाईंचा आवाज ऐकला.

डोळ्याची मात्र मी काटेकोर काळजी घेतली, कारण डॉक्टर म्हणाले होते की तोंड उशिरा का होईना सरळ होईल पण उघडा डोळा सुकून बुबुळावर जखम झाली तर नजर जाईल. दिवसा तासातासाला थेंब, बाहेर पडलं की गॉगल. रात्री आधी मलम, मग पापणी बोटानं खाली ओढून धरायची, पापणीच्या कडेवर नाही तर थोडं वर पट्टी चिकटवून ती तिरकी गालावर आणायची. पहिल्या रात्री पट्टी सुटली आणि सकाळी डोळा लालबुंद. मग ह्यांनी शिकून घेतलं, रोज रात्री तेच लावायचे, चष्मा घालून, जीभ दाताखाली धरून, सुईत दोरा ओवल्यासारखं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढ्या जवळून त्यांनी माझ्याकडं बहुतेक कधी बघितलं नसेल.

ज्या दिवसापासून मी दार उघडलं त्या दिवसापासून लोक यायला लागले. आधी मला वाटायचं असलं काही आपल्या गावात कुणालाच झालं नाही, जगातनं माझ्याच तोंडाला आलं. मग सरांचा भाऊ कळला. मग निवृत्त पोस्टमन काका आले, त्यांना साठीच्या आसपास झालेलं, त्यांनाही शुगर आणि बीपी. मग पलीकडच्या आळीतल्या आजी, त्यांच्या कानात आधी नागीण उठली होती, पाण्यानं भरलेले फोड, असह्य दुखणं, आणि मग तोंड गेलं. त्यांचं तोंड आजही सरळ नाही. कानातली नागीण म्हणजे कांजिण्यांचा व्हायरस, तो वर्षानुवर्षं नसेत झोपलेला असतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की उठतो. तो बेल्स पाल्सीपेक्षा वेगळा आणि जास्त वाईट प्रकार, त्यात व्हायरसचं औषधही लवकर लागतं, आणि आजींच्या कानाला तेव्हा लोकांनी गेरू लावला होता.

मी मास्तरीण, मला हिशेब केल्याशिवाय बरं वाटत नाही. जगभरच्या अभ्यासांत वर्षाला एक लाख लोकांत साधारण १५ ते ३० जणांना नव्यानं बेल्स पाल्सी होते. मधला २५ चा आकडा धरला आणि माणूस ७० वर्षं जगला तर २५ गुणिले ७०, म्हणजे लाखात १७५०. लाखाला १७५० नं भागलं की ५७. पुस्तकातही तेच येतं, आयुष्यात कधी ना कधी साधारण ६० जणांत एकाला. एसटीच्या एका खच्चून भरलेल्या गाडीत एकजण! आमचं गाव चार हजारांचं, त्या दरानं वर्षाला एक माणूस. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, म्हणजे वर्षाला जवळजवळ २८ हजार तोंडं. एवढे लोक असून आपल्याला दिसत का नाहीत, तर ते मास्क लावून, पदर धरून, भिंतीकडं तोंड करून बसलेले असतात. दोन-तीन महिन्यांत बरे होतात आणि परत त्याचं नाव काढत नाहीत.

कुणाला होतं ह्यावर तर प्रत्येकाचं वेगळं. बायकांनाच होतं म्हणे, तसं नाही, बाईपुरुष साधारण सारखेच. डावीकडंच होतं म्हणे, तेही नाही. म्हाताऱ्यांना होतं, उलट १५ ते ४५ ह्या वयात बरंच दिसतं, लहान पोरांत कमी. खिडकीतल्या वाऱ्याचं विचाराल तर काही ठिकाणच्या अभ्यासात थंडीत थोड्या जास्त केसेस आल्यात, काही ठिकाणी काहीच फरक नाही, त्यामुळं सासूबाईंना मी खोटं पाडणार नाही पण त्या खिडकीवर सगळा आळही घेणार नाही. सर्दी-ताप होऊन गेल्यावर होतं, मधुमेह, बीपी, जास्त वजन ह्यांत धोका वाढतो. आणि तो ओठावर उतलेला ताप, त्याचा व्हायरसही नसेतच दबा धरून असतो. जपानमध्ये १९९६ साली १४ पेशंटच्या नसेतलं पाणी तपासलं तर ११ जणांत तो सापडला. तरी प्रत्येकाला त्याच्यामुळंच होतं असं ठामपणे अजून कुणी म्हणत नाही.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं. अकरा वर्षं मी त्यांच्या हातची खिचडी खातेय, त्या बोलताना कायम पदराचं टोक ओठाशी धरतात, मला वाटायचं सवय आहे. फेब्रुवारीत त्या घरी आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि पदर सोडला. त्यांचा उजवा ओठ जरासा खाली आणि हसल्या की उजवा डोळा बारीक होतो. धाकट्याच्या वेळी नववा महिना होता तेव्हा झालेलं. घरातले म्हणाले ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं, पोराला झालं नाही हे नशीब समज. दवाखाना केलाच नाही. अकरा वर्षं ती बाई समजत होती की आपल्या हातनं चूक झाली. मी त्यांना सांगितलं, ताई, गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंत झाल्या झाल्या, हे होण्याचं प्रमाण इतर बायकांच्या साधारण तिप्पट असतं, बीपी वाढलं असेल तर अजून जास्त. अंगात पाणी साठतं, सूज येते, त्या बारक्या बोळात नस चेंगरते असं म्हणतात. तुमच्या विळीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, बीपी होतं माझं तेव्हा, पायावर सूज होती. आणि मग खूप रडल्या.

माझी पहिली हालचाल एकोणिसाव्या दिवशी झाली. त्या डेन्मार्कच्या अभ्यासात लिहिलं होतं की १०० पैकी ८५ जणांना तीन आठवड्यांत काहीतरी हलायला लागतं, मी कॅलेंडरवर एकवीस दिवसांवर गोल करून ठेवला होता आणि रोज सकाळी पोटात गोळा यायचा. मुलगी समोर अभ्यास करत होती, मी तिच्यावर रागावले आणि ती एकदम म्हणाली, मम्मी, तुझं नाक हललं! डावी नाकपुडी. आरशात बघितली तर केसाएवढी हलत होती. आम्ही दोघींनी ती पंधरा-वीस वेळा हलवून बघितली.

साताऱ्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं आरशासमोरचे व्यायाम शिकवले. लोक सांगत होते फुगे फुगव, च्युइंगगम चघळ, जोर लाव. तिनं बरोबर उलट सांगितलं. जोर लावायचा नाही, हळू, छोटी हालचाल, दोन्ही बाजू सारख्या, बोटानं हलका आधार देऊन, आणि उजव्या बाजूला आवरायचं कारण ती सगळंच आपल्याकडं ओढून नेते. नवीन फुटणारे नसेचे धागे कधी कधी चुकीच्या जागी जाऊन बसतात आणि हसलं की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातनं पाणी येतं, जोर लावला की ते अजून वाढू शकतं. करंटचा शेक घ्यावा का विचारलं, तर त्यानं फायदा होतो असा पक्का पुरावा नाही म्हणून ती देत नाही म्हणाली. दिवसातनं तीनदा दहा दहा मिनिटं. ‘ई’ आणि ‘ऊ’, ‘ई’ आणि ‘ऊ’. भुवई. नाक आक्रसणं.

फेब्रुवारीच्या मध्यात मास्क लावून शाळेत गेले. पहिलीची तेवीस पोरं. पोरांनी विचारलं बाई तुमाला काय झालं, मी मास्क काढला आणि दाखवलं, तोंडाची दोरी सुजली होती आता बरी होतीय म्हणलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं, मोठी माणसं महिनाभर जे विचारत होती ते त्यांनी एका मिनिटात संपवलं. नुसती जेवणाच्या सुट्टीतली ताटं आणि घंटा अजून कानात टोचायची.

अडचण ओठातल्या अक्षरांची. प, फ, ब, भ, म. पाच अक्षरं, दोन्ही ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत. मी एक युक्ती काढली होती, तर्जनीनं ओठाचा डावा कोपरा वर धरायचा आणि मग ‘प’ म्हणायचं, तसं चांगलं स्पष्ट यायचं. फळ्यावर काढलं, प पतंगाचा, बोट लावून म्हणले. फ फणसाचा, बोट लावून म्हणले. मागं वळून बघते तर तेवीसच्या तेवीस पोरं ओठाच्या कोपऱ्याला बोट लावून प पतंगाचा म्हणत होती. त्यांना वाटलं हे अक्षर असंच म्हणायचं असतं. एक पोरगी तर घरी आईलाही शिकवून आली. मी त्यांना लगेच काही सांगितलं नाही, तो तास तसाच चालू दिला.

एप्रिलपर्यंत नव्वद टक्के परत आलं. आता ‘ऊ’ म्हणताना डावा डोळा थोडा बारीक होतो, दमले की डावा ओठ मागं पडतो, बाकी नवीन माणसाला कळत नाही. शुगर ६.६ वर आली आहे, चालणं सुरू आहे. शंभरातल्या सात-आठ जणांना हे परत होऊ शकतं, ते मला माहीत आहे. कानामागं जरा दुखलं की मी आरशापुढं जाऊन भुवया उचलून बघते. कॅनडाचे पंतप्रधान होते ना, ज्याँ क्रेत्यें, त्यांचं लहान वयापासून तोंड एका बाजूला वाकडं होतं ह्याच आजारानं. १९९३ च्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांचा चेहरा जाहिरातीत दाखवला, लोकांना ते अजिबात आवडलं नाही आणि तेच निवडून आले. ताईंना मी त्यांचा फोटो मोबाइलवर दाखवला तर बराच वेळ बघत बसल्या.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीच्या आधी एक पोर वर्गात आलं, बाई, बाहेर आमची काकू आलीय. गेटपाशी पंचविशीतली एक सून उभी, पदर नाकापर्यंत, सोबत सासू. सासू म्हणाली, वारं लागलंय, त्या औषधाला न्यायचं होतं पण ताई म्हणल्या आधी बाईंना दाखवा. तिला सावलीत बसवलं. हात वर करायला लावले, झाले. भुवया उचल म्हणलं, उजवी उचलली गेली, डावी नाही. कानात बघितलं, फोड दिसले नाहीत. दिवस गेलेत का विचारलं, तिनं खाली मान घालून सातवा सांगितला.

कधी झालं?

आज सकाळी, चहा पिताना.

ताईंनी खिचडीचं पातेलं खाली उतरवलं, हात धुतले आणि म्हणाल्या, मी जाते हिच्यासंगं, पोरांना तुम्ही वाढा. साताऱ्याची गाडी सव्वाबाराला होती.